भरल्या गाडीची थरथर

जिजीला खोटं पाडायची छाती घरात कुणाची नव्हती. ती त्या गाडीने दाखवली.

गाडी जुनी, पण लोखंड दणकट. जिजीचा थोरला लेक चालवायचा, जिजी त्याच्या शेजारी आणि मागच्या सीटवर गादी घालून धाकटा आडवा. त्याच्या पाठीच्या कण्यात गाठ होती. दर आठवड्याला औषधाची बाटली चढवायला दवाखान्यात न्यायचं. मोठ्या रस्त्याला लागून गाडीने वेग घेतला, की मागून आवाज यायचा, "जिजी, थरथरतंय गं. पायात शिरतंय."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "पायातली थरथर कधी होते? फक्त गाडीत? की घरीही?"

"घरी कशाला होईल? घराला काय चाकं आहेत?" धाकट्याने तोंड उघडायच्या आत जिजीने उत्तर दिलं. धाकटा छताकडे बघत राहिला.

"मग आधी गाडी दुरुस्त करून घ्या," बाई म्हणाल्या. "त्यानंतरही थरथर राहिली, तर गाठ औषधाला दाद देत नाही असं समजायचं. मग त्याला इथवर आणून हाल करण्यात अर्थ नाही."

डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या, पण बोलल्या ते बोलल्या. जिजीने त्यातला सोयीचा तेवढा शब्द पदरात बांधला. गाडी.

मिस्त्री ओळखीचा. त्याचं गॅरेज म्हणजे वर पत्रे, खाली तेलाने काळी झालेली जमीन. त्याने मागची चाकं पुढे आणि पुढची मागे केली. चाकांचं वजन मशीनवर साधलं, बेअरिंग बदललं. दरवेळी गाडी फिरवून आणायचा नि म्हणायचा, "मावशी, लोण्यासारखी पळतेय." दरवेळी पुढच्या फेरीला धाकटा तेच म्हणायचा.

"दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!" जिजी कडाडली. "चाकं काय बदलतोस? तुझी अक्कल बदल."

"मावशी, मी चालवतो तेव्हा काहीच लागत नाही हाताला. आता गाडी खोटी बोलते की मी?"

"तू. गाडीला जीभ कुठाय?"

मिस्त्री हसला. रागावला नाही. एवढी बोलणी तर त्याला बायकोकडून चहाबरोबर मिळायची. मग गाडीभोवती एक फेरी मारून त्याने विचारलं, "दवाखान्यात जाताना मागं काय काय असतं?"

मागे गादी असायची. डिकीत धाकट्याची चाकाची लोखंडी खुर्ची, पाण्याचा कॅन, बदलायच्या चादरींचं गाठोडं. आणि गाडी गॅरेजला द्यायच्या आधी ते सगळं ती स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायची. आपल्या घरची खुर्ची चार लोकांनी का बघावी? धाकट्याला बरं नाही एवढंच गल्लीला ठाऊक होतं. तो उभा राहू शकत नाही, हे तिने घराच्या दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

"असतं काहीबाही," ती म्हणाली.

"मग ते काहीबाही भरून आणा. रिकामी घागर वाजवून भरलेलीची परीक्षा कशी करू?"

दुसऱ्या दिवशी सगळं भरून आणलं. डिकी उघडल्यावर मिस्त्र्याने खुर्ची बघितली, झाकण लावलं आणि धाकट्याच्या गादीवर जाऊन आडवा झाला.

"डोकं त्या अंगाला," जिजी म्हणाली. "तो तसा निजतो."

थोरल्याने गाडी मोठ्या रस्त्याला घातली. वेग वाढला तसा मिस्त्री ओरडला, "आहे! मावशी, आहे! दाताला लागतंय!" मग म्हणाला, "आता गिअर काढ, गाडी नुसती सोडून दे." थोरल्याने सोडली. इंजिनाचा आवाज पडला, पण थरथर तशीच. "म्हणजे इंजिनाचं नाही. खालून येतंय."

जिजी समोर बघत बसली होती, पण पाठ ताठ झाली होती. महिनोन्महिने ती बोलत होती ते खरं निघालं होतं. तिने थोरल्याकडे असं पाहिलं, की त्याने उगाचच हॉर्न वाजवला.

दोष शाफ्टचा होता. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा तो लांब दांडा. मागे वजन आलं की स्प्रिंगचे थकलेले पाटे बसायचे, दांड्याचा कोन बदलायचा आणि त्याचा गंजलेला सांधा अडकत फिरायचा. मिस्त्र्याने सांधा नवा घातला, पाटे बदलले. तशीच भरलेली गाडी घेऊन, मागच्या सीटवर बसवलेल्या जिजीच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला देऊन, मोठ्या रस्त्यावरून फेरी मारली. पाण्यावर सुरकुती नाही.

"बघ," जिजी थोरल्याला म्हणाली, "मी म्हणत नव्हते?"

दवाखान्याच्या दिवशी ती पुढे बसली नाही. मागे बसून धाकट्याचे पाय तिने मांडीवर घेतले. गाडीने वेग घेतला. तिने तळहात सीटवर दाबून ठेवला. सीट देवघरातल्या पाटासारखी गप्प.

"आता?"

धाकट्याने डोळे मिटून घेतले होते. "कमी वाटतंय जिजी."

खोटं बोलायला हा पोरगा लहानपणापासून कच्चा. तिने सीटवरचा हात उचलून त्याच्या पोटरीवर ठेवला. बारीक, न थांबणारी थरथर. दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या धोतराला वारा लागावा तशी. किती दिवसांची होती, कुणास ठाऊक. घराला चाकं नाहीत, असं तीच म्हणाली होती.

आरशात थोरल्याने बघितलं आणि नजर काढून घेतली.

"वळव गाडी," जिजी म्हणाली.

"अगं, दवाखाना..."

"वळव म्हणते ना! त्या मिस्त्र्याला काम येत नाही. अजून हादरतंय."

मिस्त्री हात पुसत बाहेर आला. त्याने चालू गाडीच्या सीटवर हात ठेवला, मग जिजीच्या मांडीवरच्या पायांकडे बघितलं, मग जिजीकडे.

"काय बघतोस? दुरुस्ती केलीस म्हणे! धाकट्याला विचार, तस्संच आहे सगळं!"

मिस्त्र्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "हो मावशी," तो म्हणाला. "माझंच काहीतरी राहिलंय."

त्याने इंजिन बंद करायला सांगितलं, पाना घेतला आणि गाडीखाली सरकला. जिजी पाय हळूच बाजूला ठेवून खाली उतरली, वाकली. मिस्त्री उताणा पडला होता. एक हात छातीवर. दुसऱ्या हाताने तो मधूनमधून पाना नव्या सांध्यावर आपटत होता. ठक. ठक.

दोघांची नजरानजर झाली.

"सापडलं का गं?" वरून धाकट्याने विचारलं.

"सापडेल," जिजी खणखणीत आवाजात म्हणाली. "न सापडायला काय झालं? अरे, जोरात मार की! हाताला लकवा झालाय का?"

ठक. ठक. ठक.