दुसरं पाणी

थोरलीने पत्तीचा डबा उघडला, नाकाशी धरला आणि झाकण पुन्हा दाबून बसवलं.

"ताई, ही पत्ती कुणी आणली? यापेक्षा सुताराकडचा भुसा उकळला असता तर रंग तरी आला असता."

गोल मांडलेल्या खुर्च्यांमधून हसू फिरलं. ताईही हसली. म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळणाऱ्या या केंद्रात ती अधूनमधून चहाची बैठक भरवायची. टेबलावर शेगडी, गाळणं, एक पोचे आलेली जुनी किटली ठेवायची. किटली हातोहात फिरायची आणि ज्याच्या हातात ती, त्याने आपल्या घरच्या चहाबद्दल बोलायचं. बोलण्याच्या नादात माणसं चहा पिऊन टाकतात, एरवी ज्यांच्या घशाखाली काही उतरत नाही तीसुद्धा, असा तिचा अनुभव होता.

म्हणूनच आज धाकटीला आणलं होतं. धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. एकाच स्वयंपाकघरात दोघींचा जन्म गेला. आता धाकटीला माणसं ओळखू येत नव्हती. त्यात गेले काही दिवस ती पाण्याचा घोटही तोंडात धरून थुंकून टाकत होती. तिची लेक भिंतीला टेकून उभी होती. निघताना ती थोरलीला म्हणाली होती,

"काकू, आता तुम्हीच बघा काहीतरी. आजही प्यायली नाही तर डॉक्टर भरती करा म्हणालेत. सुई ओढून काढू नये म्हणून तिथे हात बांधून ठेवतात."

"मी जिवंत असताना कोण तिचे हात बांधतो तेच बघते," थोरलीने ठणकावलं होतं.

किटली मास्तरांकडे आली.

"आमच्याकडे सकाळचा चहा मीच करायचो," मास्तर म्हणाले. "बायकोला माझ्याच हातचा आवडायचा."

"आवडतोय कसला," शेजारचा शिंपी म्हणाला. "उठायचा कंटाळा असेल. हुशार बाई."

मास्तरांनी किटली पुढे सरकवली. ती धाकटीच्या मांडीवर आली. बराच वेळ धाकटी नुसती तिच्या दांडीवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने मान वर केली.

"आमच्याकडे जाऊबाई करायच्या."

भिंतीला टेकलेली लेक सरळ झाली.

"सगळ्यांचा एकदम करायच्या. माझा मात्र निराळा. सगळ्यांचं गाळून झालं की माझ्यासाठी पुन्हा आधण ठेवायच्या. मला कडक सोसत नाही ना. त्यांना बरोबर ठाऊक."

"बघा," शिंपी म्हणाला. "सख्खी बहीण करणार नाही एवढं."

लेकीने थोरलीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. थोरली डब्याचं झाकण काढत होती, लावत होती.

कडक सोसत नाही, हे तिला कधीच ठाऊक नव्हतं. तिने ते कधी विचारलंही नव्हतं. सगळ्यांचं गाळून झालं की गाळण्यातला चोथा ती पातेल्यात परत पालथा करायची, वर पाणी ओतायची आणि ते दुसरं पाणी धाकटीपुढे सरकवायची. घरात टंचाई होती म्हणावं, तर डबा गळ्यापर्यंत भरलेला असायचा. पण डबा कुणाच्या हातात आहे हे नव्या सुनेला रोज सकाळी कळायला हवं होतं. एकदाच, अगदी सुरुवातीला, धाकटीने दबकत विचारलं होतं, "जाऊबाई, आज पत्ती घालायची राहिली का?"

"गरम आहे ना? मग पी," थोरली म्हणाली होती. त्यानंतर धाकटीने कधी विचारलं नाही.

ताईने चहा ओतला. धाकटीने एक घोट घेतला आणि कपातच परत सोडला. थोरली उठली. ताईला बाजूला करून तिने स्वतः चहा टाकला, पत्ती चिमूटभर, दूध हात सैल सोडून. धाकटीने ओठ लावले आणि कप लांब केला.

"हा नाही हो बाई."

"मग कुठला?"

"आमच्या जाऊबाईंचा."

"काकू," लेक म्हणाली, "तुम्ही करायचात तस्साच करा ना. तुम्हालाच येतो तो."

ताईने घाईघाईने चांगल्या पत्तीचा नवा पुडा फोडून पुढे धरला. थोरलीने तो घेतला नाही. ती गाळण्याकडे बघत होती. चोथा अजून ओला होता.

"तुम्ही बोलत राहा आपलं," ती सगळ्यांना म्हणाली. "चहा होताना कुणी तोंडाकडे बघत बसलेलं मला खपत नाही."

मास्तरांनी किटली पुन्हा हातात घेतली. त्या काळी दुसऱ्या पाण्याचं काम थोरली सगळ्यांदेखत करायची, भांड्याचा आवाज करत. आज तिने शेगडीपुढे पाठ आडवी धरली, गाळणं पातेल्यावर अलगद टेकवलं आणि आवाज होणार नाही अशा बेताने चोथा आत उलटला. पाणी तांबूस झालं, त्याहून पुढे गेलं नाही. रंग जेमतेम फिका होईल इतकंच दूध तिने घातलं.

धाकटीने कप दोन्ही हातांत धरला. एक घोट गेला. थांबली. दुसरा गेला. लेक तोंडावर हात धरून बघत होती. कप निम्म्यावर आला तेव्हा धाकटीने तो खाली ठेवला, उरलेला बशीत ओतला आणि बशी थोरलीपुढे केली.

"जाऊबाई, तुम्ही यातला कधी घेतलाच नाहीत."

आवाज साधा होता. त्यात तक्रार आहे की आग्रह, हे थोरलीने तिच्या चेहऱ्यावर शोधलं. तिथे नुसता चहाचा ओलावा होता, वरच्या ओठावर.

थोरलीने बशी घेतली. थेंब सांडू दिला नाही. तिने घोट घेतला.

"कसा झालाय?" धाकटीने विचारलं.

"गरम आहे," थोरली म्हणाली, आणि तळाची पत्ती ओठांना लागेपर्यंत तिने बशी खाली ठेवली नाही.