प्रत्येक भाग कंपनीचा

"ताई, यादी अगदी बरोबर आहे. दोन हजार गुण, ना एक कमी ना एक जास्त," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला. "पण फौज चालणार नाही."

ताईंचा एक हात अजून पेटीच्या कडीवर होता. दुसरी कडी त्यांच्या वहिनींच्या हातात होती. दोघींनी मिळून पेटी दोन जिने चढवून आणली होती आणि ती खाली ठेवण्याएवढी उसंतही मास्तरांनी दिली नव्हती.

"चालणार नाही म्हणजे?"

"गुरुवारी कंपनीचं नवं दुरुस्तीपत्रक आलं. कलम नऊ. अधिकृत स्पर्धेत फक्त कंपनीने बनवलेले शिपाई. प्रत्येक भाग कंपनीचा हवा, असं स्वच्छ लिहिलंय."

"याद्या तर तुम्ही बुधवारी घेतल्यात."

"घेतल्या. पण खेळ आज आहे ना."

ताईंनी पेटी खाली ठेवली. वहिनींनी आपली बाजू जरा आदळलीच, आणि आतून चौऱ्याऐंशी बुटक्यांचा खुळखुळ आवाज आला.

खेळ म्हणायचा तर साधा होता. जेवणाच्या टेबलाएवढं रणांगण, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या आणि बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई. कुणाची राक्षसांची फौज, कुणाची जादूगारांची, कुणाची पंखवाल्या सापांची. प्रत्येक शिपायाचे गुण ठरलेले. दोन हजार गुणांत बसेल अशी फौज निवडायची, तिची यादी आधी लिहून द्यायची आणि मग फासे टाकून लढायचं. नियम ठरवणारी कंपनी कुठेतरी लांब होती. दर तीन-चार महिन्यांनी तिचं दुरुस्तीपत्रक येई. त्यात कुणाचा भाला बोटभर आखूड होई, कुणाची ढाल दहा गुणांनी महाग होई. मंडळी दोन दिवस चडफडत आणि तिसऱ्या दिवशी नवी यादी करायला बसत.

ताईंची फौज बुटक्यांची. आणि ती सगळी त्यांनी हाताने घडवलेली.

ताई कवळ्या बनवत. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत सव्वीस वर्षं त्यांचं हेच काम. पुढे खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसे, त्याच्या जबड्याचा ठसा मागे ताईंकडे येई. त्या ठशावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणाच्या जागी गुलाबी अक्रिलिक आणि त्यात एकेक दात. माणूस कधी दिसायचाच नाही. पण जबडा बघून ताईंना पुष्कळ काही कळे. हा एकाच बाजूने चावतो, ही झोपेत दात खाते, याने आयुष्यभर दातांत सुई किंवा खिळा धरलाय. न पाहिलेल्या त्या माणसांचे चेहरे मग मनात तयार होत, आणि ते कुठे ठेवायचे हे ताईंना कळत नसे.

अकरा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या खिशातून वाकताना एक चिमुकला शिपाई खाली पडला आणि त्याची तलवार मोडली. एवढा मोठा बाप्या, पण चेहरा अगदी पडला. ताईंनी दात बसवायच्या तारेचा तुकडा घेतला, चिमट्याने वाकवला, घासला आणि पाच मिनिटांत नवी तलवार बसवून दिली. "हे काय असतं हो?" त्यांनी विचारलं. लिफ्टवाल्याने जिन्यातच बसून तासभर सांगितलं. पुढच्या रविवारी ताई या खेळाच्या क्लबात हजर.

त्यांनी बुटके निवडले, कारण बुटक्यांची तोंडं मोठी होती. सहा वर्षांपूर्वी कंपनीने बुटके विकायचं बंद केलं, पण नियमांच्या पुस्तकातून काही त्यांना काढलं नाही. मग ताई आपल्याच मेणात, आपल्याच अक्रिलिकमध्ये बुटके घडवू लागल्या. प्रत्येकाला एक चेहरा. सगळ्यांची तोंडं उघडी आणि दात मोजून घ्यावेत असे. क्लबात त्यांना 'हसरी पलटण' म्हणत.

"मास्तर, बुटके नियमांत आहेत की नाहीत?" ताईंनी आता विचारलं.

"आहेत."

"दुकानात मिळतात?"

"नाही. सहा वर्षं झाली."

"म्हणजे यादीत लिहिता येतात, विकत घेता येत नाहीत आणि घडवून आणले तर चालत नाहीत. मग हे कलम कुणासाठी लिहिलंय?"

मास्तर वाईट माणूस नव्हते. तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि आता क्लबचे नियम तेच सांभाळत. नकाशात नदी जिथे दाखवलीय तिथेच ती वाहते, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आपण या वर्षी पहिल्यांदाच अधिकृत स्पर्धा घेतोय, ताई. जिंकणारा मोठ्या स्पर्धेला जाणार. उद्या कुणी तक्रार केली तर क्लबचं नाव जाईल. आपलेच दात, आपलेच ओठ. समजून घ्या."

"दातांचं मला नका सांगू, मास्तर."

शेजारच्या टेबलावरून औषधवाला पुढे आला. चौकातल्या औषधाच्या दुकानाचा मालक, क्लबचा खजिनदार. अधिकृत स्पर्धेची कल्पना त्याचीच. "ताई, मनाला लावून घेऊ नका. तुमची कला आम्हाला माहीत आहे. आपण तुमच्या फौजेचं प्रदर्शन मांडू. तिकडे खिडकीशी छान उजेड आहे."

"प्रदर्शन?"

"हो! लोक बघतील, फोटो काढतील."

ताईंना दवाखान्यात कधी राग येत नसे. डॉक्टर आपली चूक त्यांच्यावर ढकलत, तेव्हाही त्या गप्प राहून कवळी पुन्हा करत. घरी भाऊ म्हणे, हिला राग नावाचा अवयवच नाही. पण खिडकीशी छान उजेड आहे हे ऐकलं आणि त्यांच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. त्यांनी पिशवीतून डोळ्याला लावायचं भिंग काढलं.

"कलम पुन्हा वाचा. मोठ्याने."

"ताई..."

"वाचा ना. प्रत्येक काय?"

"प्रत्येक भाग कंपनीचा असला पाहिजे," मास्तरांनी वाचलं.

ताई औषधवाल्याच्या टेबलाशी गेल्या. मधोमध त्याचा पंखवाला साप पसरला होता, सगळ्या फौजेची शान. ताईंनी भिंग लावलं.

"डावा पंख. दोन वर्षांपूर्वी तुमच्या मुलीने पुस्तक टाकलं यावर. पंखाचे तुकडे झाले म्हणून दुकान बंद करून धावत आला होतात माझ्याकडे. हा पंख मी केलाय. रंगाखाली गुलाबी आहे, कवळीसारखा. खरवडून दाखवू?"

"अहो, हात नका लावू!"

ताई पुढच्या टेबलाशी गेल्या. "या राक्षसाचा अंगठा माझा. हे तीन धनुष्यवाले गुडघ्याखाली माझे." तिसऱ्या टेबलावर, "ही झेंड्याची काठी म्हणजे वेड्यावाकड्या दातांना लावतात ती तार." चौथ्या टेबलावरचा माणूस आपल्या फौजेवर दोन्ही हात पसरून उभा राहिला, जणू पाऊस येतोय. ताई त्याला नुसत्या म्हणाल्या, "तुमचं तर मी मोजतच नाही. तुम्ही तर फौजेच्या पेटीवरच बसला होतात." दोन-तीन जण हसले आणि लगेच गप्प झाले. त्यांची स्वतःची धरून सोळापैकी अकरा फौजांमध्ये ताईंचा हात निघाला.

शेवटी त्या मास्तरांच्या टेबलाशी आल्या. मास्तरांचा म्हातारा जादूगार काठी उंचावून उभा होता. ताईंनी भिंग काढून पिशवीत ठेवलं. मास्तरांनीच खाली पाहिलं. काठी, दाढी आणि उजवा डोळा, सगळं त्यांना ठाऊक होतं.

"मग आता?" ताई म्हणाल्या. "कलम लावायचं तर सगळ्यांना लावा. पाच जणांत घ्या तुमची स्पर्धा."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. नवल म्हणजे कुणी कंपनीवर चिडलं नाही, चिडले ते ताईंवर. "इतकी वर्षं केलं ते उपकार म्हणून मोजून दाखवायला का?" कोणीतरी मागून म्हणालं. "सकाळ फुकट घालवणार ही बाई."

मास्तर, औषधवाला आणि आणखी एक जण आतल्या खोलीत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले. मास्तर कागदाकडे बघत म्हणाले, "समितीने ठरवलंय. दुरुस्ती म्हणजे बनवणं नव्हे. दुरुस्त केलेले शिपाई चालतील. पूर्ण घडवलेले चालणार नाहीत."

"हे पत्रकात कुठे आहे?"

"पत्रकात नाही. समितीचा अर्थ आहे."

"म्हणजे तुमच्या पंखाला अर्थ आहे आणि माझ्या बुटक्याला नाही."

इथे वहिनी उठल्या. भावाची पाठ धरली होती म्हणून केवळ पेटी उचलायला त्या आल्या होत्या. नणंदेच्या या छंदाला त्या 'दात संपले, आता बाहुल्या' म्हणत आणि अकरा वर्षांत त्यांनी एकदाही फौज नीट पाहिली नव्हती. "एक विचारते," त्या मास्तरांना म्हणाल्या. "तुमच्या बाहुल्यांचे हात हिने जोडायचे, आणि हिला मात्र तुम्ही हात जोडून घरी पाठवायचं? कुठल्या शाळेत शिकवत होतात हो तुम्ही?"

"वहिनी, राहू दे."

"का राहू दे, वन्सं? रविवारचं जेवण अर्धं टाकून जाताय तुम्ही यांच्या मोडक्या तंगड्या जुळवायला. मी पाहिलंय."

"मी दातांच्या कण्या करणार नाही," ताई म्हणाल्या. "चला."

मास्तरांनी लाल पेनाने भिंतीवरच्या तक्त्यातल्या ताईंच्या नावावर रेघ ओढली, शेजारी 'पुढे चाल' लिहिलं आणि जाहीर केलं, "पहिल्या फेरीत लिफ्टवाल्यांना पुढे चाल."

लिफ्टवाला इतका वेळ खिडकीशी उभा होता. ताईंची पहिली लढत त्याच्याशीच होती. तो मितभाषी माणूस, त्याला बोलायला सुरुवात करायलाच वेळ लागे. "मला पुढे चाल नको," तो म्हणाला.

"नको कशी? नियमाप्रमाणे मिळतेच ती."

"मी दोन आठवडे आधी सुट्टी टाकलीय. खेळायला. उभं राहायला नाही." तो ताईंकडे वळला. "बाहेर पॅसेजमध्ये टेबल आहे. मांडता?"

"दया नकोय मला."

"कसली दया? माझी यादी तुमच्या बुटक्यांना तोडायलाच केलीय. पंधरा दिवस डोकं घातलंय."

पॅसेजमध्ये विजेच्या मीटरखाली, जिथे झाडू आणि जुने फळे ठेवत, तिथे त्यांनी मांडामांड केली. टेकड्या मिळाल्या नाहीत, म्हणून वहिनींनी डब्याची झाकणं दिली. आतून फाशांचा आणि आरडाओरड्याचा आवाज येत होता. बाहेर दोघं जवळजवळ न बोलता खेळत होते.

लिफ्टवाल्याने खरोखर दया केली नाही. त्याने आपले घोडेस्वार झाकणांमागे दडवले आणि ताईंची तोफ पहिल्याच डावात पाडली. ताईंनी मधली फळी घट्ट धरली. तिसऱ्या डावात त्यांनी त्याचा सरदार घेरला, तेव्हा तो "अरेच्चा" म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला. चौथ्या डावाला ताई दोन गुणांनी पुढे होत्या. वहिनींना नियम कळत नव्हते, पण फासा पडताना त्या श्वास रोखू लागल्या होत्या. मग शेवटच्या डावात ताईंना सहापैकी पाच फाशांवर एक पडला. फळी फुटली, घोडेस्वार आत घुसले आणि झेंडेवाला बुटका आडवा झाला.

"चौदा-बारा," लिफ्टवाला म्हणाला. "थोडक्यात वाचलो."

"नाही. तुमची यादी चांगली होती." ताईंनी घाम पुसला. "तो डावीकडचा सापळा मला दिसलाच नाही."

त्यांनी पेटीत एकेक बुटका परत ठेवला. मग आत जाऊन दारातल्या गठ्ठ्यातून निकालाचा कागद घेतला, भरला, लिफ्टवाल्याची सही घेतली आणि मास्तरांसमोर नेऊन ठेवला.

मास्तरांनी तो वाचला. "हे कशाला, ताई? त्यांना तसंही पुढे चाल मिळालीय. निकाल तोच."

"तोच नाही. पुढे चाल म्हणजे मी आलेच नाही. मी आले होते. खेळले आणि हरले. तसं लिहा."

"पण तुमचं नाव आता तक्त्यात..."

"रेघ तुम्ही ओढलीत. नाव खाली दिसतंय अजून."

औषधवाला काहीतरी बोलायला पुढे आला, पण लिफ्टवाला ताईंच्या शेजारी येऊन उभा राहिला होता आणि तो जागचा हलणाऱ्यातला नव्हता. वहिनी दारात पेटीची एक कडी धरून वाट बघत होत्या. दोन-तीन टेबलांवरचे फासे थांबले.

मास्तरांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. ते उठले. फळ्यावर लिहिण्याच्या सवयीने त्यांनी आधी बाही वर केली. 'पुढे चाल' हे शब्द खोडले आणि तिथे घाईघाईने आकडे लिहिले. चौदा-अकरा.

"बारा," ताई मागून म्हणाल्या.

"काय?"

"अकरा नाही. बारा गुण आहेत माझे. कागदावर लिहिलेत. नीट लिहा."

मास्तरांनी अकरा खोडले आणि शेजारी बारा लिहिले. ताईंनी जवळ जाऊन आकडा वाचला, मान हलवली आणि पेटीची दुसरी कडी उचलली.