निनावी पानं

माझा दादा लोकांना गाडी शिकवायचा. शेजारच्या सीटवरून तो "क्लच! अगं बाई, क्लच!" असं ओरडला की सिग्नलला उभ्या असलेल्या परक्या माणसांचेही पाय क्लचवर जायचे. मलाही त्यानंच शिकवलं. आयुष्यात मी जेवढी बोलणी खाल्ली त्यातली निम्मी त्या गाडीत. त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

आवाज आधी साठवून ठेवता येतो, हे मीच त्याला सांगितलं. भरपूर वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची. त्यावरून आवाज बनवून मिळतो, मग आपण टाइप करायचं आणि मशीन आपल्या आवाजात बोलतं. दादाला रेकॉर्डिंग म्हणजे भिंतीशी बोलणं वाटायचं, त्यामुळे त्याचा आवाज तोवर कुठेच नव्हता. लग्नाच्या व्हिडिओतही तो नुसता हसतो, ऐकू येतात ती वाद्यं. पण या वेळी तो रोज लॅपटॉपपुढे बसला. दिलेली वाक्यं त्याला अळणी वाटली. "आज हवामान सौम्य आहे, असं मी जन्मात कुणाला म्हटलंय?" म्हणून त्यानं स्वतःची घातली. दिवा कुणी चालू ठेवला? हा चहा आहे की गरम पाणी? तू गप्प बस, तुला काही कळत नाही. वहिनी स्वयंपाकघरातून प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायची, मग तिचा आवाज आत शिरला म्हणून तेच वाक्य पुन्हा.

सेव्ह मात्र केलं नाही. "सगळं मनासारखं झालं की एकदाच करीन," म्हणायचा. तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला: खाट रिकामी झालीय, आत्ता या. रेकॉर्डिंग तेवढं थांबवून, प्रोग्रॅम उघडाच ठेवून दोघं निघाले. वहिनीनं लॅपटॉपवर ओढणी घातली, चार्जर लावून ठेवला आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला दम भरला की याला हात लावाल तर याद राखा.

दादा परत आला तो गळ्याला पट्टी आणि हातात पाटी घेऊन. त्यानं ओढणी काढली, सेव्हचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग मला मेसेज आला: "शहाणे, ये. खिडकी हलत नाही."

शहाणे हे माझं घरातलं नाव. मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नेलवर काम करते. त्यातही मेमरी, म्हणजे चालू प्रोग्रॅमांची तात्पुरती जागा, माझ्याकडे. त्यामुळे पडद्यावरची रेकॉर्डरची खिडकी का हलत नाही, हे मला पाच मिनिटांत कळलं. लॅपटॉप मधे झोपून उठला होता, माइक हरवला होता आणि रेकॉर्डरचा प्रोग्रॅम त्या माइकची वाट बघत जन्मभरासाठी बसून राहिला होता.

"गेलं का?" वहिनीनं विचारलं.

"नाही गं. प्रोग्रॅम बहिरा झालाय, पण आवाज आत जसाच्या तसा आहे."

"आत म्हणजे कुठे?"

आता हे वहिनीला कसं सांगायचं? प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं की अख्खा बंगला आपला. प्रत्यक्षात तो जे दार उघडेल तेवढीच खोली कर्नेल मांडून देतं. आश्वासनं देण्यात ते कुठल्याही पुढाऱ्याला हार जाणार नाही. पण एकदा दिलेल्या जागेचा हिशेब मात्र चोख. मेमरीच्या अशा प्रत्येक गठ्ठ्याला आम्ही ऑब्जेक्ट म्हणतो. गठ्ठ्यात पानं असतात आणि तो किती जणांनी धरलाय याचा आकडा असतो. एकानं जरी धरला असेल तरी कर्नेल त्याला हात लावत नाही. शेवटचा हात सुटला की पानं मोकळी. काही गठ्ठ्यांच्या मागे डिस्कवरची फाइल असते, ते पुन्हा आणता येतात. ज्यांच्या मागे काहीच नसतं ते निनावी. दादाचा आवाज निनावी होता. तो धरून ठेवणारा जगात एकच होता, तो बहिरा रेकॉर्डर.

"म्हणजे त्यानं सोडलं की संपलं," वहिनी म्हणाली. तिला बरोबर कळलं होतं.

"म्हणून तर त्याला बंद करायचं नाही. मी बाजूनं आत जाते आणि एकेक पान वाचून बाहेर उतरवते. हे मी ऑफिसात रोज करते."

दादानं पाटीवर लिहिलं: "हळू. आरशात बघ." गाडी मागे घेताना तो हेच सांगायचा. मी हसले. आम्ही तिघंही हसलो, म्हणजे त्याचे खांदे हलले.

मी आकडे पाहिले. लॅपटॉपची मेमरी गळ्यापर्यंत भरली होती आणि ती जवळजवळ सगळी रेकॉर्डरची होती. मला इतका आनंद झाला की मी वहिनीच्या पाठीवर थाप मारली. एकही पान हललं नव्हतं. तो सगळाच्या सगळा तिथे होता, चहाच्या तक्रारी, दिव्यांची कटकट, सगळं.

"ते बोलायला लागले ना," वहिनी म्हणाली, "की मी पहिल्याच दिवशी भांडण काढणार आहे. इतके दिवस एकटीच भांडतेय, वन्सं. पाटीशी कसं भांडायचं? हे लिहीपर्यंत माझा राग निघून जातो."

माझ्या पिशवीत बाहेरची डिस्क होती. मुद्दाम आणलेली, नवी, कोरी. पण तिची वायर जराशी सैल वाटली. म्हटलं, मधेच सुटली तर? आधी इथल्या इथे तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवू, ऐकून बघू, मग निवांत डिस्कवर नेऊ. आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस असंच करतो. पानं बाहेर काढायची कमांड मी लिहिली आणि शेवटी त्या फोल्डरचं नाव टाकलं. बोटांना ते पाठ आहे. डोक्याला विचारावं लागत नाही.

ऑफिसातल्या माझ्या मशीनवर तो फोल्डर डिस्कवर आहे. सिस्टिमच्या नव्या आवृत्त्यांमध्ये तो मेमरीत असतो, वेग वाढावा म्हणून. दादाचा लॅपटॉप नव्या आवृत्तीचा होता. हे मला माहीत होतं. आमच्याच बैठकीत ठरलेलं होतं ते. म्हणजे गळ्यापर्यंत भरलेल्या भांड्यातलं पाणी मी त्याच भांड्यात ओतायला घेतलं होतं.

मेमरी संपते तेव्हा कर्नेलला कुठल्या तरी प्रोग्रॅमला मारावं, म्हणजे जबरदस्तीनं बंद करावं लागतं, नाहीतर सगळंच मशीन बसतं. कुणाला मारायचं? जो सगळ्यात जास्त जागा अडवून बसलाय त्याला. हा निवडीचा भाग गेली कित्येक वर्षं मीच सांभाळते. अमुक एकाला मारू नकोस, असं आधी सांगून ठेवायची सोयही आहे. एका ओळीचं काम, आणि ती ओळ मी लिहिली नव्हती. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि कुंपण मीच घातलेलं.

पडद्यावरची ती गोठलेली खिडकी पटकन नाहीशी झाली.

दादाला वाटलं, काम झालं. त्यानं अंगठा वर केला. कुणी पहिल्यांदा नीट पार्किंग केलं की तो असाच अंगठा दाखवायचा.

हात कीबोर्डवर तसेच होते. सुटलेली पानं दुसऱ्या कुणाच्या हाती जुना मजकूर लागू नये म्हणून तिथल्या तिथे शून्यांनी भरली जातात. हा नियम मला नेहमी फार सुंदर वाटायचा. डिस्कवर पानं हलवण्याची सोय या लॅपटॉपवर बंद होती. शोधायला कुठलाही कोपरा उरला नव्हता, तरी मी शोधत राहिले, कारण मागे वळून त्या दोघांकडे बघायचं धाडस नव्हतं.

"वन्सं?" वहिनी म्हणाली. "आता का रडतेस?"

मग मी सांगितलं. सरळ सांगितलं, की आवाज माझ्या हातून गेला. वहिनीनं खुर्ची ओढली आणि बसली. दादानं अंगठा खाली घेतला. त्याचा चेहरा मी पाहिला, आणि तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो रागावायचा म्हणजे काय, अख्ख्या रस्त्याला कळायचं.

"थोडंसुद्धा नाही?" वहिनीनं विचारलं.

तात्पुरत्या फोल्डरमध्ये अर्धवट उतरलेलं काहीतरी होतं. प्रोग्रॅमची स्वतःची अडगळ आधी उतरली होती, आणि तिच्यामागून आवाजाचा एक लहानसा तुकडा. मेमरीत नवी पानं खालच्या क्रमांकांवर बसतात आणि मी खालून वर वाचत गेले होते, म्हणजे तो रेकॉर्डिंगचा शेवटचा तुकडा असणार. त्यावरून बोलणारं मशीन बनणं शक्य नव्हतं. त्याला तासन्तास लागतात, हे काही क्षण होते. ते मी आधी बाहेरच्या डिस्कवर नेले, दोनदा तपासले. वायर अजिबात सैल नव्हती. मग ऐकवलं.

आधी त्याचा खोकला. मग, "दिवा कुणी चालू..." इतक्यात फोनची रिंग. दूरवरून वहिनीचा आवाज, "अहो, हॉस्पिटलचा आहे, आत्ता बोलावलंय!" खुर्ची सरकली. आणि मग दादा, माइकपासून लांब जाता जाता, खणखणीत, "अगं हो, ऐकलं! ते बंद करू नकोस. आल्यावर बोलतो."

वहिनीनं मला खूण केली, मी पुन्हा लावलं. आल्यावर बोलतो.

दादानं पाटी पुसली. मग एकच शब्द लिहिला आणि पाटी वहिनीपुढे धरली.

"आलो."

वहिनीनं तो वाचला. चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा वाचला.

"मग बोला ना," ती म्हणाली.