खाली उतरणारा दिवा

घरात त्याला सगळे खटपट्या म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. दिव्यांच्या कारखान्यात होल्डर जुळवण्यात उभी हयात गेली, पण हातात आलेला होल्डर आहे तसा जोडून गप्प बसेल तर तो खटपट्या कसला! एकदा त्यानं थोरल्या बहिणीच्या न्हाणीघरात दाराला जोडलेला दिवा बसवला होता. दार लावलं की आपोआप लागणारा. तारा नेमक्या उलट जोडल्या गेल्या. दार उघडं असेपर्यंत लख्ख उजेड, कडी घातली की मिट्ट काळोख. आतून मेहुण्यांनी त्याचा जो उद्धार केला तो चार घरं ऐकू गेला. नंतर त्यानं बल्ब घट्ट धरून ठेवणारा होल्डर केला. तो इतका घट्ट की बल्ब फुटायचा, पण सुटायचा नाही.

मेहुणे आता नव्हते. ताई त्या घरात एकटीच राहायची. खाली स्वयंपाकघर, वर निजायची खोली आणि दोन्हींच्या मधे बिनखिडकीचा, भरदुपारीही अंधारा जिना. जिन्याचं छत एवढं उंच की बल्ब बदलायचा तर लांब शिडी पायऱ्यांवर तिरकी टेकवून चढावं लागे. इतकी वर्षं ते काम खटपट्याचंच होतं. पण हल्ली त्याचे गुडघे शिडीचं नाव काढू देत नव्हते. त्यामुळे परवा बल्ब गेला तेव्हा ताईनं त्याला काही सांगितलंच नाही. वायरमनला निरोप धाडला, तो ‘आज येतो, उद्या येतो’ करत राहिला, आणि बाई अंधारात भिंत चाचपत वरखाली करत राहिल्या.

हे फुटलं ते लेकीमुळे. ती परगावी राहायची. एक दिवस न कळवता आली, तर आई जिन्यात बसून एकेक पायरी सरकत खाली येताना दिसली. मग काय विचारता! “बास झालं, आई. सामान बांध, माझ्याकडे चल.” ताई म्हणाली, “मी माझ्या घरातून हलणार नाही.” रडारड झाली, अबोला झाला. शेवटी खटपट्या मधे पडला.

“समज, जिन्यातला दिवा हिचा हिला बदलता आला, शिडीबिडी न लावता. मग?” त्यानं भाचीला विचारलं.

“मग राहू दे तिला इथे. मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. पण मामा, दिवा तूच करणार ना?”

“मग काय तर!”

“मग मी बॅग घेऊनच येते,” भाची म्हणाली.

ते त्याला चांगलंच झोंबलं. पण झोंबण्यापेक्षाही त्याला भीती वाटली. ताई गेली तर या गावात त्याचं असं कोण उरणार होतं? दर रविवारी तो तिच्याकडे जायचा, तेही काहीतरी दुरुस्तीचं निमित्त काढून. कधी बटण सैल, कधी पंखा कुरकुरतो. बहिणीला भेटायला निमित्त लागत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचं त्याला सुचलंही नव्हतं.

तो कामाला लागला. कल्पना साधी होती. माणूस वर जाऊ शकत नाही तर दिव्यानं खाली यावं. छतात त्यानं एक उपडी वाटी बसवायची ठरवली, वाटीत स्प्रिंगवर दोन पितळी पट्ट्या. वीज त्या पट्ट्यांपर्यंतच. दिव्याच्या डोक्यावर पितळेच्या दोन खिळ्या. कप्पीवरून दोरी ओढली की दिवा वर जाणार, खिळ्या पट्ट्यांना टेकणार, टक् आवाज होणार आणि जोड पुरा होणार. दोरी सोडली की दिवा अलगद खाली, आणि खाली आलेल्या दिव्यात विजेचा थेंबही नाही. शॉक लागायचा प्रश्नच मिटला. या वेळी त्यानं तारा पुनःपुन्हा तपासल्या. अखेर उगवलेल्या वायरमनकडून सगळं छतात बसवून घेतलं, दोरी अडकवायची खुंटी भिंतीत स्वतः ठोकली आणि स्वतःच्या हातानं दिवा वरखाली करून पाहिला. न्हाणीघराचा डाग धुऊन निघाला असं त्याला वाटलं.

ठरल्या रविवारी भाची खरोखरच रिकामी बॅग घेऊन हजर झाली. तिघंही जिन्याशी जमली. खटपट्यानं मुद्दाम गेलेला बल्ब वर लावून ठेवला होता. चांगला बल्ब ताईच्या पदरात होता.

“हं, ताई. एका हातानं दोरी धरायची, दुसऱ्यानं खुंटीचे वेढे सोडायचे. बस्स, एवढंच.”

ताईनं डाव्या हातानं दोरी धरली. उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. तिनं ओठ आवळले, टाचा वर केल्या, अंग वाकडं केलं. हात काही पुढे जाईना. खुंटी वीतभर वर राहिली. मग तिनं डाव्या हातानंच एक वेढा सोडवून पाहिला, दोरी सणकन घसरली आणि दिवा गचका खाऊन उरलेल्या वेढ्यांवर वरच लटकला.

खटपट्या तिच्याकडे बघत राहिला. खुंटी त्यानं स्वतःच्या उंचीनं ठोकली होती, पण गोष्ट उंचीची नव्हती. हिवाळ्यात ताईनं लांबसडक केस मानेपर्यंत कापून टाकले, तेव्हा तो म्हणाला होता, ‘या वयात काय नखरे!’ फळीवरचे सगळे डबे तिनं ओट्यावर मांडले, तेव्हा म्हणाला होता, ‘दुकान काढतेस का?’ दोन्ही वेळा ती हसली होती. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की तोंड लपवायला जागा मिळेना. पट्ट्या, खिळ्या, तारा सगळं तपासलं होतं त्यानं. जिच्यासाठी करायचं, तिच्याकडेच तेवढं बघितलं नव्हतं.

भाचीला अजून काही कळलं नव्हतं. कळलं असतं तर संपलंच होतं सगळं. “थांब, थांब,” तो घाईघाईनं म्हणाला. “माझंच चुकलंय. कप्पी अडकतेय. यंत्रच बिघडलंय.”

“वाटलंच होतं मला,” भाची म्हणाली. “मामा, तुझा एक तरी दिवा धड लागलाय का रे आजवर?”

“काही बिघडलेलं नाही,” ताई म्हणाली.

“ताई, तू गप्प बस.”

“तू गप्प बस. उभ्या जन्मात एक गोष्ट नीट केलीस, तीही माझ्यापायी बिघडली म्हणून सांगतोस?” ती लेकीकडे वळली. “दिवा चांगला आहे. माझा हात वर जात नाही. थंडीपासून. वेणी घालता येईना म्हणून केस कापले. आता ने मला, भर ती बॅग.”

भाचीनं आईचा हात हातात घेतला, हळूच उचलून पाहिला आणि आईचा चेहरा बदलला तशी तो सोडला. तिचा संताप कुठल्या कुठे गेला होता.

“मामा,” ती म्हणाली, “ही खुंटी खाली घेता येते का?”

“येते की!”

त्यानं खुंटी उपटली आणि ताईच्या कमरेशी ठोकली. दोन्ही खेपांना हातोडी अंगठ्यावर बसली, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. ताईनं वेढे सोडले. दोरी सरकली, दिवा झोके घेत खाली आला आणि तिच्या पोटाशी येऊन थांबला. तिनं बल्ब फिरवून काढला, पदरातला लावला, दोरी ओढली. टक्. सगळा जिना उजळला. कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसली.

“झालं तर,” भाची म्हणाली. “जिंकलात तुम्ही. राहा इथे. फक्त तो खांदा डॉक्टरला दाखव.” तिनं बॅग उचलली, दोन पावलं गेली आणि मटकन खालच्या पायरीवर बसली. बॅग मांडीवर घेऊन ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

“अगं, आता काय झालं?”

“काही नाही.” पण ते थांबेना. “खोली रंगवून ठेवली होती तुझी. तुझे जावई जहाजावर, पोरगा वसतिगृहात. संध्याकाळी मीच कुलूप उघडते आणि टीव्ही लावून ठेवते, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. तुझा दिवा गेलेला बघितला ना, तेव्हा खरं सांगते आई, मला बरं वाटलं. म्हटलं, आता ही येईल.”

ताई कठडा धरून तिच्याशेजारी बसली. बराच वेळ लेकीच्या पाठीवरून डावा हात फिरवत राहिली.

“वेडे, हे आधी नाही का सांगायचं? तू मला म्हातारी म्हणून न्यायला आलीस, म्हणून मी अडून बसले. दिवा गेला म्हणून मी आले नसते. हात गेला म्हणून आले असते, तेही कुढत. तुला करमत नाही ना? मग येते. काही महिने येते.”

खटपट्या हातोडी घेऊन तसाच उभा होता. ताई राहावी म्हणून केलेला दिवा डोक्यावर झकास जळत होता आणि ताई निघाली होती. त्याच्या अगदी ओठांवर आलं की मलाही करमणार नाही गं. पण ते वाक्य आज दुसऱ्या कुणीतरी आधी म्हटलं होतं, आणि ज्यानं म्हटलं त्याला त्याची गरज जास्त होती. त्यानं ते गिळलं.

“तिकडे थंडी असेल,” तो म्हणाला. “कपाटाच्या वरच्या खणातली शाल काढून देतो. तुझा हात पोचायचा नाही.”