चपला बाहेर, परीक्षा आत

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे, दोन्ही बाजूंना हात असलेली. घाटंजीच्या एका सुताराने मला हेडमास्तरांसाठी घडवले. शाळेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या तेव्हा मला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाला दान केले. नको झालेली वस्तू घराबाहेर काढायची असली की आपल्याकडे असाच चांगला शब्द वापरतात.

तिथे मात्र मला मानाचे काम मिळाले. दर महिन्याला यवतमाळहून सुरभीताई म्हाताऱ्यांची तपासणी करायला यायच्या. कोणते म्हातारे माणूस पडेल अशी भीती आहे, हे त्या एका परीक्षेने आधीच ओळखायच्या. माझ्यावरून उठायचे, भिंतीपर्यंत चालायचे आणि परत येऊन बसायचे. जो डगमगेल त्याच्या खाटेला लाल फीत. फीत असली की संडासाला जाताना मदतनीस शीला हात धरायची. फीत नसली की ज्याचे त्याने पाहावे.

एवढी लांब जागा फक्त प्रार्थनेच्या खोलीत होती. त्यामुळे परीक्षा देवांसमोर व्हायची आणि चपला दाराबाहेर राहायच्या. या चपला कुणा दानशूराने वाटलेल्या होत्या, सगळ्या एकाच मापाच्या, पुरुषी. वाटपाचे फोटो फार छान आले होते.

आश्रमातल्या तानाबाईंची पावले लहान, जन्मभर पऱ्हाटीत, कापसाच्या शेतात, अनवाणी वावरलेली. चपलेत ती मागेपुढे सरकायची. सुरभीताईंच्या ते लक्षात आले. त्या म्हणाल्या, "आजी, रोजच्या चपला घालूनच चाला बरं."

"देवापुढं चप्पल घालू? मले पाप नाही लागत का, माय?"

आश्रमाचे व्यवस्थापक भगवानराव मध्ये पडले. "राहू द्या मॅडम, लोकं काय म्हणतीन?"

सुरभीताई ओशाळल्या आणि त्यांनी तशीच चालायची खूण केली. तानाबाई अनवाणी चालल्या, अगदी ताठ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, खाटेला फीत लागली नाही. "मले नाही लागत कोणाचा हात," त्या शीलाला ऐटीत म्हणाल्या. माझा जीव तीळतीळ तुटत होता, पण लाकडाला कोण विचारतो?

त्याच आठवड्यात न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर चप्पल पायातून सटकली आणि तानाबाईंच्या खुब्याचे हाड मोडले.

मग वड्याचे तेल वांग्यावर निघाले. "खुर्चीच लंगडी होती, म्हणून तपासणी चुकली," असे भगवानरावांनी सांगून टाकले. माझे चारही पाय आजही सरळ आहेत. तरी मला मागच्या पडवीत फेकले. देवाला कुणी बोल लावला नाही, दानशूरालाही नाही.

पडवीतून मला तानाबाईंची खाट दिसते. त्या आता उठत नाहीत. परवा शीला नियमाप्रमाणे लाल फीत घेऊन आली.

"आता कायले बांधून राह्यली वो?" तानाबाई म्हणाल्या. "मी कुठं चालते आता?"

शीला खाली मान घालून फीत बांधत राहिली.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. सणावाराला तुम्ही आजी-आजोबांच्या पाया पडता ना? तेव्हा त्या पायांत चप्पल कुणाच्या मापाची आहे, तेवढे बघा. ते बघायचे नसेल, तर उगाच वाकू नका.