वाट दिल्याचा दोष

वॉशिंग मशीनमध्ये कसलंसं बटण खडखडलं आणि दुपारची शांतता मोडली. लेक जागी होईल म्हणून तिनं श्वास रोखून धरला, जणू मशीन तिच्याच श्वासावर चालत होतं.

लेक कुशीवर वळली. बाईसाहेब पुन्हा कागदांवरच्या जहाजांकडे वळल्या. समुद्रात दोन जहाजांची टक्कर झाली की कुणाचा दोष किती, हे ठरवणाऱ्या कचेरीत ती नोकरीला. घरात मिठाचा डबा सापडत नाही, पण भर समुद्रात कोण चुकलं ते ही पलंगाच्या कडेला बसून सांगणार.

या खेपेचं प्रकरण अगदी साधं. एका जहाजानं वळायचं, दुसऱ्यानं सरळ जायचं, असा नियम. पहिलं वळतही होतं. पण दुसऱ्याच्या कप्तानाला चांगुलपणाची उबळ आली. ‘जाऊ दे बिचाऱ्याला’ म्हणत तोही वळला, तो थेट पहिल्याच्या पुढ्यात. तिनं ठसक्यात लिहिलं होतं, ‘ज्याला सरळ जायचा हक्क, त्यानं सरळच जावं. इथं वाट देणं हाही दोष.’

हे वाक्य उद्या परगावच्या सुनावणीत ती स्वतः मांडणार होती. आयुष्यातली पहिली सुनावणी. पण उद्याच नवऱ्याची मुलाखत, आणि लेकीला सांभाळायला तिसरं कुणी नाही. म्हणून सकाळीच तिनं साहेबांना कळवून टाकलं, दुसऱ्या कुणाला पाठवा. तेव्हापासून स्वतःच्या त्यागावर खूष होऊन ती घरभर संतासारखी वावरत होती.

नवरा चहा घेऊन आला. “उद्या तू बिनघोर जा. मी मुलाखतीला नाही म्हणून सांगितलं.”

“कधी?”

“मघाशी. का गं?”

“अरे, मी सकाळीच नाही म्हटलंय. तुझ्यासाठी.”

“मग परत फोन कर की.”

“त्यांनी दुसऱ्याचं तिकीटही काढलं. तुझ्या मुलाखतीचं काय?”

“माझ्या जागी दुसऱ्याला बोलावलं.” तो मटकन खाली बसला. “मला विचारायचंस तरी.”

“तू विचारलंस?”

चहावर साय धरली.

“आता दोष कसा वाटायचा, बाईसाहेब?” तो म्हणाला. “निम्मा-निम्मा?”

“माझा जास्त. मला नियम पाठ होता.”

दोघंही हसली. केस विस्कटलेली लेक केव्हाची उठून बसली होती.

“आई, तुला जायचं होतं?”

“हो गं, खूप.”

“मग ‘मी जाते’ असं का नाही म्हणालीस?”