जरेलचा जुना शॉट

जरेल टिब्सचा चेंडू बास्केटबॉलच्या रिंगमध्ये जात होता, आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. जात नसता तर त्याच्या वाटेला कुणी गेलं नसतं. शेवटच्या बाकावर बसून चार वर्षं काढली असती पोरानं, आणि आपल्या गावी गॅरीला जाऊन कामाला लागलं असतं. पण पहिल्याच वर्षी तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्यानं शंभरातले त्रेचाळीस आत घातले. हॅलोरन कॉलेजच्या जिममध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही असला आकडा पाहिला नव्हता.

मात्र दिसायला तो शॉट म्हणजे ध्यान होतं. चेंडू डाव्या कमरेपासून उचलायचा, तोंडासमोरून ओढत उजव्या कानाशी न्यायचा, कोपर बाहेर काढायचं आणि ट्रकमध्ये पोतं टाकावं तसा आडवा ढकलून द्यायचा. चेंडू वर चढायचाच नाही. सरळ जायचा आणि रिंगला न शिवता जाळीत पडायचा.

"हे काय रे, वेंडेल?" मुख्य कोच गॅव्हिट व्हिडिओ थांबवून म्हणाला. "पोरगं चेंडू टाकतंय का गोठ्यातलं शेण उपसतंय?"

"आत जातोय की," वेंडेल म्हणाला.

"इथे जातोय. तिकडे धंदेवाईक लीगमध्ये सात फुटी माणसं हात वर करून उभी असतात. कानाजवळून सोडलेला चेंडू माशी मारावी तसा खाली पाडतील. बदल तो."

वेंडेल स्पुरलॉक सहायक कोच. वय छप्पन्न, त्यातली बावीस वर्षं याच कॉलेजात. सामने जिंकणं गॅव्हिटचं काम. पोरांना घडवून लीगच्या दारापर्यंत नेणं वेंडेलचं. जिमच्या बोळात लीगमध्ये गेलेल्यांचे फोटो लावलेले होते, त्यातले तीन त्याच्या हाताखालचे. नवीन पोरांना आईबापांसकट आधी त्या बोळातून फिरवायचे आणि मगच जेवायला न्यायचे, अशी इथली रीत. आता चार वर्षं झाली, त्या भिंतीवर नवा खिळा ठोकला गेला नव्हता. वर कुजबुज सुरू झाली होती की म्हातारा संपला. वेंडेलच्याही ती कानावर आली होती. माणूस म्हटला की कानावर आलेलं पोटात उतरतंच.

आत जाणाऱ्या शॉटला हात लावू नये, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. मनात खुपलं होतं. पण जरेल उंच होता, चपळ होता, समोरच्याला जागचा हलू देत नव्हता. एवढा एक शॉट सरळ झाला की पोरगं सोन्याचं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात. पण या धंद्यात सगळे पळत्याच्याच पाठी असतात.

उन्हाळाभर काम चाललं. रिंगपासून हातभर अंतरावर उभं राहून एका हातानं टाकायचं. कोपर आत, चेंडू कपाळावर, मनगट वरून खाली. मग दोन पावलं मागे, मग चार. चेंडू परत फेकणारं एक यंत्र होतं, ते फक्त आत गेलेले मोजायचं. रोजचे पाचशे आत गेल्याशिवाय सुट्टी नाही. जरेलनं कधी तोंड वाकडं केलं नाही. फक्त दुसऱ्या आठवड्यात एकदा चेंडू कमरेशी धरून उभा राहिला.

"कोच, एकदा माझ्या पद्धतीनं टाकू? नुसतं एकदा."

"नाही. एकदा टाकलास की हात मागे जाईल."

"बायको सोडायला सांगताय, निदान निरोप तरी घेऊ द्या," जरेल म्हणाला.

"वीस वर्षांचा तू, तुला रे काय ठाऊक बायको," वेंडेल हसला. "चल, कोपर आत."

ऑगस्टपर्यंत शॉट देखणा झाला. चेंडू उंच कमान करून जायचा, हात हंसाच्या मानेसारखा वर राहायचा. रिकाम्या जिममध्ये आतही जायचा. मग सामने सुरू झाले आणि समोर माणूस धावून आला की जरेलचा हात निम्म्या वाटेत थबकायला लागला, रस्ता विचारायला थांबल्यासारखा. जुना हात डावीकडे ओढायचा, नवा वर. तेवढ्या क्षणात सगळं हुकायचं. वर्षाअखेर आकडा निघाला अठ्ठावीस.

गंमत बघा, खेळाडू हेरणारी लीगची माणसं तरीही खूश. व्हिडिओत आकार सुरेख दिसत होता ना. "छान सुधारलाय शॉट," ते फोनवर म्हणायचे. घोडा पळतो का हे बघायच्या आधी दात बघणारी जात ती. त्यांच्या भरवशावर जरेलनं लीगच्या निवडीसाठी नाव दिलं, आणि मे महिन्यात गॅव्हिटनं त्यांच्यातल्या अकरा जणांना जिममध्ये बोलावलं. ओळीनं घडीच्या खुर्च्या मांडल्या. जरेलनं पंचवीस चेंडू टाकले. नऊ आत गेले.

एकानं वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवला, "आकार चांगलाय हं," म्हणाला, आणि सँडविच घ्यायला गेला. वेंडेलला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला, आणि पाठोपाठ स्वतःचा.

आता उरला होता एकच प्रश्न. दिलेलं नाव महिन्याच्या शेवटच्या बुधवारपर्यंत मागे घेता येत होतं. घेतलं तर जरेल कॉलेजात परत, शिक्षण फुकट, खेळायला आणखी दोन वर्षं. नाही घेतलं, तर कॉलेजचं दार कायमचं बंद, मग लीग घेवो न घेवो.

"नाव राहू दे म्हणावं," गॅव्हिट म्हणाला. "तू सांग. तुझं ऐकतो तो."

"आणि नाही निवडला तर?"

"त्याची जागा मी दिलीय, वेंडेल. ओहायोचं पोरगं येतंय, सहा फूट अकरा. आणि हे बघ, नाही निवडला तर ते लीगच्या माथी. परत आला नि पुढच्या वर्षी वीसवर घसरला, तर ते आपल्या माथी."

वेंडेलनं जरेलला काही सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही. मंगळवारी दुपारी जरेलच्या आईचाच फोन आला. अर्नेटा टिब्स इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करायची. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"मिस्टर स्पुरलॉक, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "गोड बोलणारे रोज दहा जण फोन करतात. म्हणून तुम्हाला विचारते. तुमचा मुलगा असता तर काय केलं असतं?"

खरं काय ते वेंडेलच्या जिभेवर होतं. परत पाठवा त्याला. मी त्याचा हात बिघडवलाय, मला दोन वर्षं द्या. एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की जरेल परत येणार, रोज सकाळी सात वाजता समोर उभा राहणार आणि निम्म्या वाटेत थांबणारा तो हात रोज दिसणार. खरं सांगायचं तर वेंडेलला तो हात डोळ्यांसमोर नको होता.

"मी नाव राहू दिलं असतं," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "तुमच्यासारखा माणूस त्याला भेटला, देवाची कृपा."

वेंडेलनं फोन ठेवला. त्याला स्वतःची किळस आली, पण किळस आली म्हणून त्यानं परत फोन केला नाही.

जूनमध्ये निवड झाली. टीव्हीवर एकेक करत साठ नावं वाचली. जरेल टिब्स त्यांत नव्हतं. वेंडेलनं त्याला निरोप पाठवला, हिंमत सोडू नकोस. उत्तर आलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. आणि ओहायोच्या पोराला बोळातून फिरवायचं काम तेवढं सोमवारी वेंडेलकडे आलं.

जुलैत जरेलचा फोन आला. "कोच, गॅरीला येता का? काम आहे. रविवारी, प्रार्थना उरकली की."

चर्चच्या तळघरात जेवणाचा हॉल होता. बायका एका कोपऱ्यात भांडी घासत होत्या, तळलेल्या कोंबडीचा वास भरला होता. दुसऱ्या टोकाला भिंतीत एक गंजकी रिंग होती. छत इतकं बुटकं, की जरेलनं हात वर केला तर छताखालच्या पाइपाला लागेल. तो बारीक झाला होता. पण वागण्यात राग नव्हता, आणि त्याचंच वेंडेलला जास्त लागलं.

"युरोपात लिथुआनियाचा एक क्लब आहे," जरेल म्हणाला. "शुक्रवारपर्यंत व्हिडिओ मागितलाय. लांबून तीस चेंडू, न थांबता. मी विचारलं, आकार कसा हवा? हसले. म्हणाले, आत गेला पाहिजे."

"मग टाकू या की," वेंडेल म्हणाला.

"नव्या पद्धतीनं जात नाहीत. तिसांत नऊ, दहा. तुम्हाला माहितीच आहे." त्यानं चेंडू जमिनीवर आपटला. "मला जुना हवाय, कोच."

त्यानं नव्या पद्धतीनं एक टाकला. चेंडू वर चढला आणि पाइपावर धाडकन आदळला. भांडी घासणाऱ्या बायकांनी माना वळवल्या.

"सात वर्षांचा होतो तेव्हा इथे शिकलो," जरेल म्हणाला. "गल्लीत आई जाऊ द्यायची नाही. वर टाकला की असा पाइपाला लागायचा, आणि पाद्रीबाबा चेंडू जप्त करायचे. म्हणून आडवा. म्हटलं, इथेच सापडला होता तर इथेच परत सापडेल. आठ दिवस येतोय."

दोन वर्षं रोज हा पोरगा वेंडेलसमोर उभा होता. हा असा टाकायला तू कुठं शिकलास रे, असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

जरेलनं फोन पुढे धरला. पहिल्या वर्षाचा सामना होता. पडद्यावरच्या पोरानं पोतं फेकल्यासारखा चेंडू ढकलला आणि आत घातला. मग जरेलनं फोन टेबलावर ठेवला आणि अगदी तसंच केलं. डावी कमर, तोंडासमोरून, उजवा कान, कोपर बाहेर. चेंडू रिंगच्या दोन हात बाजूला भिंतीला लागून खाली आला.

"बघा, सगळं तसंच करतो. पण ते माझं वाटत नाही, कुणाची तरी नक्कल करतोय असं वाटतं. तुम्ही माझे शेकडो व्हिडिओ पाहिलेत ना? सोडताना माझी बोटं काय करायची?"

वेंडेलनं तोंड उघडलं. कोपर किती बोटं बाहेर, पावलं किती तिरकी, चेंडू किती खाली, सोडायला किती उशीर, हे तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता. त्या शॉटमधली एकूण एक चूक त्याला पाठ होती. तो आत कसा जात होता, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

जरेलनं चेंडू वेंडेलच्या हातात दिला.

"मग तुम्ही टाका. तुम्हाला टाकताना बघून मला आठवेल कदाचित."

रविवारचे ठेवणीतले बूट घातलेला छप्पन्न वर्षांचा वेंडेल रिंगसमोर उभा राहिला. त्यानं चेंडू डाव्या कमरेशी घेतला, तोंडासमोरून ओढला, कोपर बाहेर काढलं आणि ढकलला. जरेल त्याच्या बोटांकडे एकटक बघत होता.

"असा नव्हता," जरेल म्हणाला. त्यानं चेंडू आणून परत दिला. "पुन्हा टाका."

वेंडेलनं पुन्हा टाकला.